हौसेची रायफल आणि परीक्षेचा शिक्का



वसंतातल्या या ज्ञानसत्रात बंदुकीचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आम्ही जो प्रश्न आज आपणापुढे मांडणार आहोत तो युद्धाचा नाही, शिकारीचा नाही आणि खून-दरोड्याचाही नाही. प्रश्न एवढाच आहे की, कागदी लक्ष्यावर नेम धरण्याची ज्याला हौस आहे अशा गृहस्थाने आपली अचूक नेमाची रायफल स्वतःच्या हाताने जोडावी काय. तिची नळी झिजली म्हणजे ती काढून नवी बसवावी काय. आणि हे सारे करताना त्याच्या व शेजाऱ्याच्या जिवाला धोका होणार नाही याची हमी कोणी द्यावी? प्रश्न दिसतो कारखान्याचा, पण तो आहे इतिहासाचा. कारण, 'ही वस्तू सुरक्षित आहे' हे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, ज्याने ती घडवली त्याचा, जो ती वापरतो त्याचा, की तिसऱ्याच कोणाचा, या वादातूनच गेल्या चारशे वर्षांतला बंदुकीचा धंदा घडत आला आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खोबणी असतात. गोळी त्यांत रुतून स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवरा जसा फिरता असेपर्यंत उभा राहतो तशी ती सरळ जाते. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याची जागा असते. ही नळी ज्या पोलादी सांगाड्यात आट्यांनी आवळून बसवलेली असते त्याला रिसीव्हर म्हणतात, आणि त्या सांगाड्यात पुढेमागे सरकून काडतुसाच्या पाठीशी दार लावावे तसा जो दांडा बंद होतो तो बोल्ट. नळी, रिसीव्हर, बोल्ट, घोडा आणि लाकडी किंवा कृत्रिम द्रव्याचा दस्ता एवढ्यांत रायफल संपली.

यांतली नळी ही झिजणारी वस्तू आहे. प्रत्येक बाराबरोबर पेटलेल्या दारूचा प्रखर वायू खोबणींच्या सुरुवातीला चाटून जातो आणि तेथले पोलाद हळूहळू खातो. स्पर्धेतल्या वेगवान काडतुसांची नळी दोन-अडीच हजार बारांत आपली धार गमावते. मंद काडतुसांची त्याहून पुष्कळ टिकते. म्हणजे गंभीरपणे नेमबाजी करणाऱ्याला नळी बदलणे हे तबलजीला पुडी बदलण्याइतकेच नेहमीचे काम होऊन बसते. आणि जे काम वारंवार करावे लागते ते स्वतःच शिकून घ्यावे असे माणसाला वाटणे स्वाभाविकच आहे.

मात्र तबल्याची पुडी चुकली तर बोल बिघडतो. येथे चुकले तर काय होते ते एका आकड्याने सांगतो. आपल्या घरातला प्रेशर कुकर शिटी देतो तेव्हा आत दर चौरस इंचाला सुमारे १५ पौंड दाब असतो. १९०६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या आणि आजही लोकप्रिय असलेल्या 'थर्टी-ऑट-सिक्स' काडतुसाचा मान्य कमाल दाब दर चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे; म्हणजे कुकरच्या चार हजारपट. हा दाब अडवून धरणारा बोल्ट नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असतो. मौझर रायफलीचा जनक पाउल मौझर याच्याइतका जाणता यंत्रज्ञ विरळा. परंतु आपणच रचलेल्या एका स्वयंचलित रायफलीची चाचणी घेताना त्याने एक डोळा गमावला. तेव्हा या क्षेत्रात 'मला समजते' या सहा अक्षरांवर किती भिस्त ठेवावी, हे आरंभीच लक्षात असू द्यावे.

हा धोका समाजाच्या ध्यानात फार लवकर आला होता. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० साली रॉक्सबरोच्या वेढ्यात मेला तो शत्रूच्या गोळ्याने नव्हे. जवळ उभा असता आपलीच तोफ फुटून. तोफ फुटणे हा पुढे कित्येक शतके दैवाचा भाग मानला जाई. त्याला परीक्षेचा भाग करण्याचे श्रेय बंदूककारांच्या संघांना आहे. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला पहिल्या चार्ल्स राजाची सनद १६३७ साली मिळाली, आणि तिने नळ्या तपासून त्यांवर शिक्का मारण्याचा अधिकार हाती घेतला. बेल्जममधील लिएज हे बंदुकांचे मोठे केंद्र. तेथे १६७२ साली नळ्यांच्या परीक्षेचा हुकूम निघाला. बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी तर स्वतः मागणी करून, स्वतःच्या खर्चाने, १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्यान्वये आपले परीक्षागृह उभारले.

परीक्षेची रीत साधी आणि कठोर होती. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी बंद खोलीत डागावयाची. फुटली तर तेथेच फुटू द्यावयाची. टिकली तर बारकाईने पाहावयाची. कोठे फुगली, चिरली, वाकली काय हे तपासावयाचे. आणि मग त्यावर शिक्का मारावयाचा. लंडनच्या शिक्क्यांत राजमुकुटाखाली एक अक्षर 'पाहिली' असे सांगते, तर मुकुटाखालची दुसरी अक्षरजोडी 'बंदूककारांनी डागून पाहिली' असे सांगते. १८६८ च्या कायद्याने हा शिक्का नसलेली बंदूक विकणे हा इंग्लंडमध्ये गुन्हा ठरला, आणि तो आजही गुन्हाच आहे. पुढे १९१४ साली युरोपातील परीक्षागृहांनी एकत्र येऊन एक कायम आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापले; १९६९ च्या कराराने त्याला आजचे रूप आले. त्या मंडळाच्या नियमांत रायफलीसाठी परीक्षेचा दाब कमाल दाबाच्या सव्वापट धरला आहे.

या व्यवस्थेचा गाभा आम्हांस असा दिसतो: ज्याने बंदूक केली त्याचा शब्द प्रमाण नाही, मग तो कितीही नामांकित असो. परीक्षागृहात लंडनच्या श्रेष्ठ कारागिराची नळी आणि बर्मिंगहॅमच्या गल्लीतल्या कारागिराची नळी एकाच खोलीत एकाच मापाने डागली जाते. परीक्षकाला हात किती कुशल आहे याच्याशी कर्तव्य नाही. नळी टिकली की नाही एवढेच तो पाहतो.

आता हौशी लोकांच्या इतिहासाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाचा यंत्रज्ञ होता. आट्यांचे सर्वत्र एकच माप असावे ही कल्पना त्याने १८४१ साली मांडली व रूढ केली. १८५४ साली सरकारने त्याला रायफली तयार करणाऱ्या यंत्रांविषयी विचारले, तेव्हा त्याने उत्तर दिले ते असे की, नळी कशी असावी हेच प्रथम ठरलेले नाही. ते ठरल्यावाचून यंत्रे कशाची करावयाची? मग मँचेस्टरला आपल्या राहत्या जागी त्याने ५०० यार्ड लांबीचा बंदिस्त नेमपट्टा बांधला आणि प्रयोग आरंभले. त्यातून षट्कोनी पोकळीची नळी निघाली. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे राष्ट्रीय रायफल संघटनेच्या पहिल्या मेळाव्याचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केले ते याच रायफलीने. रायफल आधीच नेम लावून टेकूवर पक्की बसवलेली होती. राणीने रेशमी दोरी ओढली, आणि ४०० यार्डांवर गोळी लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर बसली. राणीचा हात त्यात नव्हता, माप होते.

याच काळात आपल्या देशात काय चालले होते? १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल १८५७ च्या सुमारास हिंदुस्थानात आली, आणि तिच्या काडतुसांच्या चरबीवरून काय वणवा पेटला हे आपणांस सांगावयास नको. त्यानंतर १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने एतद्देशीयांना परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची मनाई झाली आणि युरोपीयांना मात्र त्यातून सूट मिळाली. विलायतेत आणि अमेरिकेत मध्यमवर्गीय गृहस्थ रविवारी रायफल घेऊन मैदानावर जात होता, नळीच्या झिजेची टिपणे ठेवीत होता, त्या पन्नास वर्षांत आपल्याकडे ही विद्या शिकण्याचा मार्गच बंद होता. आपल्याकडे हौशी यंत्रज्ञांची परंपरा या क्षेत्रात का नाही याचे हे एक कारण आहे, आणि ते विसरून चालणार नाही.

अमेरिकेत ही हौस फार जोरात वाढली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या क्रीडमूर येथे २६ सप्टेंबर १८७४ रोजी आयरिश आणि अमेरिकन संघांचा सामना झाला. अंतरे ८००, ९०० आणि १,००० यार्डांची. आयरिश संघाजवळ तोंडाकडून भरावयाच्या रायफली होत्या, आणि त्या करणारा डब्लिनचा प्रख्यात बंदूककार जॉन रिग्बी स्वतः संघात होता. अमेरिकनांजवळ मागून भरावयाच्या रेमिंग्टन व शार्प्स रायफली होत्या. अमेरिकन संघ ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकला. त्यात एका आयरिश नेमबाजाची गोळी अगदी मध्यावर बसली होती, पण दुसऱ्याच्या लक्ष्याच्या! तीन गुणांचा हा फरक वर्तमानपत्रांनी देशभर गाजवला, आणि दूरच्या नेमाचे वेड सामान्य नागरिकांत शिरले.

या वेडातून दोन माणसे पुढे आली. एक हॅरी पोप. त्याचा जन्म १८६१ चा, शिक्षण अभियांत्रिकीचे. नळ्या करणे ही आधी त्याची हौस होती, मग ते त्याचे आयुष्य झाले. १९०६ साली सान फ्रान्सिस्कोमध्ये नुकतेच थाटलेले त्याचे दुकान तेथल्या प्रचंड भूकंपात गेले. तरी पुढे जर्सी सिटीच्या एका अडगळीच्या खोलीत बसून तो १९५० साली मरेपर्यंत अमेरिकेतला श्रेष्ठ नळीकार म्हणून ओळखला गेला. दुसरा फ्रँकलिन मान. हा वैद्यकीचा पदवीधर. परंतु गोळी सरळ का जात नाही या एका प्रश्नाने त्याला पछाडले. त्याने जमिनीत काँक्रीटचा ओटा बांधून त्यावर नळी बसवली, म्हणजे माणसाच्या हाताचा दोष उरूच नये. आणि वर्षानुवर्षे बार काढून, मोजून, लिहून ठेवून १९०९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मान याच्या प्रयोगांतल्या उत्तम नळ्या पोपने केलेल्या होत्या. प्रश्न हौशाने विचारला, नळी कारागिराने दिली, आणि निवाडा मोजपट्टीने केला. पुढे सुमारे १९७५ साली टेकूवरून नेम धरण्याच्या स्पर्धांत ज्या काडतुसाने सारे विक्रम आपल्याकडे ओढले, तेही अशाच जोडीने निर्माण केले होते: लू पामिसानो हा शस्त्रवैद्य आणि फेरिस पिंडेल हा हत्यारे घडवणारा कारागीर. तेव्हा हौशी माणसाने या विद्येला काही दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु याच अमेरिकेत इंग्लंडसारखे सक्तीचे परीक्षागृह कधीच नव्हते आणि आजही नाही. १९२६ साली सरकारच्या सूचनेवरून कारखानदारांनी आपली संस्था काढली; ती मापे व दाब ठरवते, पण कोणाच्या बंदुकीवर शिक्का मारण्याचा कायदेशीर अधिकार तिला नाही. तेथे संघराज्याच्या कायद्याने 'बंदूक' म्हणजे रिसीव्हर. नळी हा नुसता सुटा भाग समजला जातो. म्हणून नळी कोणीही विकत घ्यावी आणि आपल्या रायफलीला बसवावी; काही राज्यांचे निर्बंध निराळे, एरवी आडकाठी नाही. याच्या उलट इंग्लंडात नळी हाही परवान्याचा भाग. एकाच पोलादी तुकड्याकडे दोन समाज किती निराळ्या नजरेने पाहतात पाहा!

कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला: धोका आहे तो हौशांपासून; कारखान्याला हे काम सोपवावे आणि निश्चिंत व्हावे. येथेच इतिहास आपल्याला थांबवतो. अमेरिकन सैन्याची १९०३ च्या नमुन्याची स्प्रिंगफील्ड रायफल सरकारी कारखान्यांत तयार होत असे: मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड आणि इलिनॉयमधील रॉक आयलंड. पहिल्या महायुद्धाच्या धांदलीत, १९१७ साली, काही रायफलींचे रिसीव्हर फुटले. फुटले म्हणजे वाकले किंवा चिरले नाहीत, काचेसारखे तुकडे झाले. चौकशी सुरू झाली. दारू तपासली, काडतुसे तपासली. काही काडतुसांचे पितळ हिणकस निघाले. काही अपघातांत सैनिकाने चुकून जर्मन काडतूस घातले होते. पण चांगल्या पोलादाने अशा चुका सोसावयास हव्या होत्या.

शेवटी बोट भट्टीवर आले. रिसीव्हर घडवताना पोलाद किती तापवावे हे जुने, मुरलेले कारागीर डोळ्यांनी, रंगावरून ठरवीत. आपल्याकडे लोहार कोयत्याला पाणी पाजतो तेव्हा लोखंडाचा रंग पाहतो, तसेच. पण लोहाराची भट्टी सावलीत असते. कारखान्यात उष्णतामापक लावून पाहिले तेव्हा असे आढळले की, ढगाळ दिवशी कारागिराला जो रंग 'बरोबर' वाटे, तोच रंग लख्ख उन्हाच्या दिवशी 'बरोबर' वाटण्यासाठी पोलाद ३०० फॅरनहाइट अंशांपर्यंत अधिक तापलेले असे. उन्हाळ्या दिवशीचे पोलाद जळून ठिसूळ होत होते. कारागीर आळशी नव्हते, अप्रामाणिक नव्हते, अडाणी तर मुळीच नव्हते. त्यांचा डोळा चांगला होता. फक्त खिडकीतून येणारा उजेड रोज निराळा होता.

१९१८ च्या आरंभी स्प्रिंगफील्डने उष्णतामापक लावून पोलादाला दुहेरी संस्कार देण्याची रीत सुरू केली. त्याआधीच्या, म्हणजे स्प्रिंगफील्डच्या ८,००,००० आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ या क्रमांकांखालच्या रायफली संशयित ठरल्या. त्यांत चांगल्या कोणत्या आणि ठिसूळ कोणत्या हे बाहेरून पाहून कळत नव्हते. ज्युलियन हॅचर या शस्त्रखात्यातील अधिकाऱ्याने १९४७ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात १९१७ ते १९२९ या काळातल्या अशा ६८ अपघातांची नोंद दिली आहे. दहा लाखांच्या घरातल्या रायफलींत ६८ म्हणजे फार थोडे, असे कोणी म्हणेल. ज्याच्या डोळ्यापुढे ती फुटली त्याला हा हिशेब सांगावा!

आणि आता आपल्या प्रश्नाशी याचा सांधा जुळतो. महायुद्धानंतर सैन्यातल्या जुन्या रायफली नेमबाजी संघटनेच्या सभासदांना स्वस्तात मिळू लागल्या. हौशी माणसाने ती घ्यावी, जुनी नळी काढावी, उत्तम नवी नळी बसवावी, अक्रोडाचा सुरेख दस्ता घालावा, असा प्रघातच पडला. त्याचे काम कदाचित निर्दोष असे. नळी सरळ, आटे घट्ट, माप बरोबर. पण ज्या रिसीव्हरवर हे सारे उभे, तो १९१० सालच्या एखाद्या उन्हाळ्या दुपारी भट्टीतून निघालेला असेल तर? नवी नळी जुन्या पोलादाचे दोष झाकते, घालवत नाही. एवढेच नव्हे, नव्या झिलईमुळे पुढच्या गिऱ्हाइकाला ती रायफल नवीच वाटते. परीक्षागृहाचा नियम अशा वेळी सांगतो की, रायफलीचे मूळ रूप बदलले तर तिची परीक्षा पुन्हा व्हावी. कारण जुना शिक्का ज्या वस्तूवर मारला ती वस्तू आता उरलेली नाही.

याच्या अगदी उलट टोकाची एक कथा अमेरिकन नेमबाजांच्या मासिकात १९५९ साली आली होती. एका गृहस्थाला जपानी आरिसाका रायफल मिळाली. तिच्या नळीची पोकळी साडेसहा मिलिमीटरची. त्याने तिच्यात थर्टी-ऑट-सिक्स काडतूस बसेल अशी जागा कोरली. कोरण्याच्या हत्याराचे टोक नळीत शिरेना, तेव्हा त्याने ते टोकच घासून बारीक केले! हत्यार त्याला सांगत होते की ही नळी या काडतुसाची नाही; त्याने हत्याराचेच तोंड बंद केले. मग साडेसात मिलिमीटरांहून जाड गोळ्या साडेसहाच्या नळीतून त्याने खरोखरीच झाडल्या. रायफल धक्का फार देते, एवढीच त्याची तक्रार होती. तो वाचला तो अज्ञात जपानी कारागिरांच्या पुण्याईने. पी. ओ. ॲक्ले या बंदूककाराने निरनिराळ्या देशांच्या जुन्या लष्करी रायफली मुद्दाम फुटेपर्यंत डागून पाहिल्या, तेव्हा आरिसाकाची गणना सर्वांत मजबूत सांगाड्यांत झाली. म्हणजे सरकारी कारखान्यातल्या मुरलेल्या कारागिराची रायफल फुटली, आणि अडाणी हौशाची टिकली. यावरून अडाणीपणाची महती गाऊ नये. एवढेच शिकावे की, करणाऱ्याची पदवी पाहून रायफलीचा भरवसा ठरत नाही.

तर मग कशावरून ठरतो? येथे हेडस्पेस ही एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. बंद बोल्टचे तोंड आणि काडतूस ज्या खांद्यावर टेकते ती जागा, यांमधील अंतर म्हणजे हेडस्पेस. ते कमी पडले तर बोल्ट नीट बंद होत नाही. जास्त झाले तर काडतुसाच्या पितळी कवचाला मागून आधार राहत नाही. बार होताच ते ताणले जाते, फाटते, आणि तो साठ हजार पौंडी वायू नळीच्या पुढून जाण्याऐवजी मागे, माणसाच्या तोंडाकडे वाट काढतो. योग्य आणि अयोग्य यांतला हा फरक एका इंचाच्या हजाराव्या भागांत, चार-सहा अशा संख्येत मोजावयाचा. म्हणजे साधारण एका जाड कागदाइतका. डोळ्याला तो दिसत नाही, बोटाला लागत नाही. त्यासाठी पोलादी गेजांची जोडी असते: एकावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. या कामात 'बहुतेक बरोबर आहे' असे तिसरे उत्तरच नाही.

१९५८ साली अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीने एक रायफल बाजारात आणली. निकोलस ब्रूअर याने तिची रचना केली होती. खर्च वाचावा म्हणून त्याने नळी एका मोठ्या चाकीने आवळण्याची युक्ती केली. आत गेज ठेवावयाचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवावयाची आणि चाकी आवळावयाची. हेडस्पेस आपोआप जुळते. कारखान्याच्या काटकसरीसाठी निघालेली ही युक्ती पुढे हौशांच्या हाती एक किल्ली ठरली. पूर्वी लेथवर टर्नरने जे करावे ते आता चिमटा, पाना आणि गेज यांच्या साह्याने घरच्या टेबलावर होऊ लागले. आजकाल तर संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर काही कारखाने इतके एकसारखे रिसीव्हर करतात की, त्यांना बसेल अशी पुरी तयार नळी टपालाने येते आणि नुसती आवळली की झाले. व्हिटवर्थचे स्वप्न, सर्वत्र एकच माप असावे हे, दीडशे वर्षांनी येथे पुरे झाले असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र काम सोपे झाले म्हणून चुकीची शिक्षा सौम्य झालेली नाही. दाब तोच आहे. उलट, लेथवर काम करणाऱ्याला धंद्याच्या ओघात अनेक बिघडलेल्या नळ्या पाहावयास मिळत. घरी नळी बदलणाऱ्याने कदाचित आयुष्यात एकही बिघडलेली पाहिलेली नसते.

आता निवाडा करावयाचा तो असा. आपल्याकडे सतार वाजवणारा तार तुटली तर स्वतः बदलतो, पडदे सरकवतो, सूर लावतो. कोणी त्याला अडवीत नाही, किंबहुना हे ज्याला येत नाही त्याला सतारिया म्हणत नाहीत. पण जवारी काढावयाची झाली की तो मिरजेच्या कारागिराकडे जातो. या दोहोंमधली रेघ हाताच्या कौशल्याची नाही. जेथे चूक तत्काळ ऐकू येते आणि सुधारता येते ते काम वादकाचे; जेथे खरवडलेले परत भरून येत नाही ते काम त्या जाणकाराचे.

रायफलीबाबत ही रेघ आम्हांस अशी वाटते. जेथे कायदा परवानगी देतो तेथे, ज्ञात कारखान्याचा, ज्ञात पोलादाचा रिसीव्हर, त्यासाठीच केलेली तयार नळी आणि योग्य गेज हाती असतील, तर हौशी माणसाने रायफल जोडावी. त्यात त्याचे यंत्रज्ञान वाढते आणि आपल्या हत्यारावरची त्याची जबाबदारी त्याला कळते. जेथे धातू कोरावयाचा आहे, तापवावयाचा आहे, किंवा ज्याचा इतिहास ठाऊक नाही असा जुना सांगाडा वापरावयाचा आहे, तेथे त्याने हात आखडावा. आणि दोन्ही ठिकाणी, पहिला बार खांद्याला लावून काढण्यापूर्वी, ते काम दुसऱ्या जाणत्या माणसाने आपल्या गेजाने तपासलेले असावे. आपण केलेल्या कामातली चूक आपल्याला दिसत नाही. ज्या समजुतीने चूक केली त्याच समजुतीने आपण तपासतो.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे, आणि तो हलका नाही. 'डोळा माझा, जीव माझा. मी धोका पत्करला तर परीक्षकाचे काय जाते?' स्वातंत्र्याचा हा युक्तिवाद मोठा आहे. पण नेमपट्ट्यावर माणूस एकटा नसतो. डाव्या-उजव्या हाताला दोन पावलांवर दुसरे नेमबाज पालथे पडलेले असतात. फुटलेल्या पोलादाचा तुकडा मालकाला विचारून दिशा धरत नाही. आणि रायफल मालकापेक्षा जास्त जगते. ती विकली जाते, वारशाने जाते. पुढचा माणूस तिच्याकडे पाहतो तेव्हा ज्याने ती जोडली तो उत्तर द्यावयास हजर नसतो; शिक्का असला तर तोच असतो.

आपल्या देशापुरते पाहू गेले तर हा प्रश्न कायद्याने मिटवला आहे. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ साली अमलात आला, आणि त्यान्वये शस्त्र घडवणे, बदलणे, दुरुस्त करणे, इतकेच काय त्याची परीक्षा घेणे, यालाही परवाना लागतो. म्हणून येथील नेमबाजाने घरी नळी बदलू नये. ते धोक्याचेच नव्हे तर गुन्ह्याचे काम आहे. पण म्हणून ही चर्चा आपल्याला परकी होत नाही. आज कोल्हापूरच्या मातीतून तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफलीत जगज्जेती झाली, आणि त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्यांच्या मागोमाग गावोगावची मुले हवेच्या रायफली हाती घेत आहेत. त्या रायफलीच्या हवेच्या टाकीवर तिची मुदत छापलेली असते, आणि मुदत उलटलेली टाकी वापरू नये असा खेळाचा नियम आहे. ती छापलेली तारीख म्हणजे १६३७ च्या त्या शिक्क्याचेच आजचे रूप. 'अजून चांगली दिसते' म्हणून ती तारीख डावलणारा पालक किंवा शिक्षक आणि उन्हात पोलादाचा रंग पाहणारा स्प्रिंगफील्डचा कारागीर यांच्यात आम्हांस फरक दिसत नाही.

मुलाला नेम शिकवताना, आपल्या हत्याराचे माप घ्यावयास आणि ते माप दुसऱ्याला दाखवावयास शिकवणे हेही शिक्षणच आहे. त्यासाठी प्रत्येक क्लबात एक वही असावी. कोणत्या टाकीची मुदत केव्हा संपते, कोणत्या रायफलीतून किती बार झाले, शेवटची तपासणी कोणी केली, हे तीत लिहिलेले असावे आणि कोणालाही पाहावयास मिळावे. खर्च एका वहीचा. परीक्षागृहे उभारणे सरकारचे आणि कारखानदारांचे काम असेल. ही वही ठेवणे आपल्यापैकी कोणालाही उद्यापासून जमेल.